बारा लाख चौतीस हजार, चार तऱ्हांनी

एक रक्कम घेऊ: बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. संगणकाला सांगू, ही रक्कम मराठी पद्धतीने लिहून दे. भारतातल्या मराठीसाठी जगभरच्या प्रोग्रामरांची एक ठरलेली खूण आहे, ‘एमआर-आयएन’. ही खूण आणि तो आकडा एवढंच पुरवायचं. बाकी सगळं काम भाषेसोबत येणारी व्यवस्था करते.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची १२ वी आवृत्ती हा आकडा इंग्रजी अंकांत लिहिते आणि स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीने, तीन-तीन अंकांवर देते. लाखाचा तिथे पत्ताच नसतो. त्याच्या पुढची, ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेली १३ वी आवृत्ती तीच ओळ वाचून १२,३४,५६७ असं अगदी आपल्या वहीतल्यासारखं लिहिते. जावाच्या ८ व्या आवृत्तीला मराठीची खूण समजत नाही, तीही अमेरिकन वळणावर जाते. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेली ९ वी आवृत्ती मात्र अंक देवनागरी घेते आणि स्वल्पविराम परक्या जागी ठेवते: १,२३४,५६७. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये नेमकं उलटं घडतं. स्वल्पविराम लाखाच्या आणि हजाराच्या जागी बिनचूक पडतात, पण अंक इंग्रजीच राहतात.

एक रक्कम, एक भाषा, आणि कागदावर चार तऱ्हा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुठेही चूक केलेली नाही. त्याने लिहिलेली ओळ सगळीकडे जवळपास सारखीच आहे. फरक पडतो तो दुसऱ्याच एका ओळीने. ती प्रोग्राममध्ये नसते, त्याच्या शेजारी ठेवलेल्या छोट्या फाइलीत असते. हा प्रोग्राम कोणत्या व्यवस्थेच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, हे ती सांगते. या निवडीला डॉटनेटच्या जगात टार्गेट फ्रेमवर्क म्हणतात. सॉफ्टवेअर शिकणारी बहुतेक मुलं ही ओळ पहिल्याच दिवशी पाहतात आणि पुढे कित्येक वर्षं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मला ती संगणकाच्या जगातली सर्वांत विलक्षण ओळ वाटते.

समजा, वसई तालुक्याच्या पूर्वेला, पारोळ-मांडवीच्या बाजूला असलेल्या चांदीपमध्ये एक मुलगी घरी बसून आसपासच्या वीटभट्ट्या आणि भातगिरण्यांसाठी पावत्या छापणारा प्रोग्राम लिहिते आहे. गिऱ्हाइकाचं नाव, माल, दर, एकूण रक्कम, तारीख. काम साधं दिसतं. पण आकड्याचा मजकूर कसा करायचा, नावं कोणत्या क्रमाने लावायची, ऑगस्टला मराठीत काय म्हणायचं, बँकेच्या सर्व्हरशी सुरक्षित बोलणं कसं सुरू करायचं, यातलं काहीही ती स्वतः लिहीत नाही. ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. तिचा प्रोग्राम फक्त हाक मारतो, आणि फ्रेमवर्क नावाचा तयार कामांचा संग्रह त्या हाकेला ओ देतो.

या गावाचीच गोष्ट पाहा. ३१ जुलै २०१४ ला चांदीप ठाणे जिल्ह्यात होतं आणि १ ऑगस्टला पालघर जिल्ह्यात. घरं, शेतं, रस्ते होते तिथेच राहिले. बदललं ते जिल्ह्याचं नाव, जिल्हाधिकारी कार्यालयाचा पत्ता आणि अर्जाचा प्रवास. प्रोग्रामचंही तसंच होतं. त्याच्यातलं एक अक्षरही बदललं नाही तरी तो ज्या संग्रहाला हाक मारतो तो बदलला, की तोच प्रोग्राम वेगळं वागू लागतो.

आता ती छोटी फाइल जवळून पाहू. डॉटनेटमध्ये सी शार्प भाषेतला नवा प्रोजेक्ट सुरू केला की साधन आपोआप एक प्रोजेक्ट फाइल तयार करतं. कमांडवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामसाठी तिच्यात चारच गोष्टी असतात: यातून चालवता येणारा प्रोग्राम हवा आहे, टार्गेट फ्रेमवर्क ‘नेट८.०’ आहे, नेहमी लागणारी काही नावं न सांगता जोडून घ्यावीत, आणि एखादी किंमत रिकामी राहण्याचा धोका असेल तिथे इशारा द्यावा. एवढंच. दहा-बारा ओळींत फाइल संपते.

हे आटोपशीर रूप २०१७ चं. त्याआधीच्या फाइलीत प्रोजेक्टमधल्या एकेका फाइलीची नोंद असे, आणि दोघांनी एकाच वेळी नवी फाइल घातली की दोन्ही नोंदी एकमेकींवर आदळत. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने एक पूर्ण वेगळा आराखडाही आणला आणि तो मागे घेतला. त्या उलाढालीतून आजची ही छोटी फाइल उरली.

तिच्यातल्या ‘नेट८.०’ मधला तो टिंब साधा नाही. डॉटनेटची दोन घराणी आहेत. जुनं घराणं डॉटनेट फ्रेमवर्क. ते फेब्रुवारी २००२ मध्ये जन्मलं आणि फक्त विंडोजवर चालतं. त्याच्या ४.८ या आवृत्तीची खूण टिंबाशिवाय लिहितात, ‘नेट४८’. नवं घराणं २०१६ मध्ये डॉटनेट कोअर म्हणून सुरू झालं. ते विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं. त्याच्या ३ नंतर ४ हा क्रमांक मुद्दाम गाळला गेला, कारण जुन्या घराण्याची चौथी पिढी बाजारात होती आणि गोंधळ झाला असता. नोव्हेंबर २०२० मध्ये थेट डॉटनेट ५ आलं. नव्या घराण्याच्या खुणेत टिंब असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या डॉटनेट १० साठी कुणी घाईत टिंब विसरून ‘नेट१०’ लिहिलं, तर साधन त्याचा अर्थ जुन्या घराण्याची आवृत्ती १.० असा लावतं. एका टिंबाने प्रोग्राम २०२५ मधून २००२ मध्ये जातो.

ही खूण वाचल्यावर पुढे जे घडतं ते मला खरोखर अद्भुत वाटतं. प्रोग्रामचं भाषांतर करणारा कंपायलर चांदीपच्या मुलीने लिहिलेल्या हाका तपासू लागतो. ही हाक खरंच आहे का? तिला काय द्यावं लागतं? ती काय परत देते? हे तपासायला त्याला खरा संग्रह दिला जात नाही. त्याला मिळते त्या संग्रहाची पोकळ प्रत. तिच्यात प्रत्येक कामाचं नाव आहे, काय घेतं आणि काय देतं हेही आहे, पण आत काहीच नाही. आकडा लिहून देणारं काम तिथे नोंदलेलं आहे, आकडा लिहिण्याची कृती मात्र नाही. याला रेफरन्स असेंब्ली म्हणतात. प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र पोकळ प्रत असते, आणि टार्गेट फ्रेमवर्कची ओळ कंपायलरला नेमकी कोणती प्रत वाचायची ते सांगते. खरा, भरलेला संग्रह प्रोग्राम चालू होण्याच्या क्षणी गिऱ्हाइकाच्या यंत्रावर भेटतो.

हा खटाटोप का, याचं उत्तर जावाच्या एका प्रसंगात सापडतं. जावाच्या ९ व्या आवृत्तीत बाइटबफर या साठवणीच्या साधनातली ‘फ्लिप’ ही क्रिया किंचित बदलली. आधी ती परत देताना सर्वसाधारण बफर द्यायची, आता नेमका बाइटबफर देऊ लागली. लिहिणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. पण लोकांनी ९ व्या आवृत्तीची साधनं वापरून, ‘आठव्या आवृत्तीवर चालेल असं बनव’ असं सांगून प्रोग्राम तयार केले. कंपायलरने फळ, म्हणजे तयार प्रोग्राम, आठव्या रूपात दिलं खरं, पण हाका तपासताना पाहिला तो नवव्या आवृत्तीचा संग्रह. प्रोग्राममध्ये नव्या रूपाची हाक कोरली गेली. आठव्या आवृत्तीच्या यंत्रावर तो चालवला की उत्तर यायचं, अशी क्रियाच नाही. म्हणून जावानेही त्याच ९ व्या आवृत्तीत ‘रिलीज’ नावाचा पर्याय दिला. तो लावला की कंपायलर जुन्या आवृत्त्यांच्या नोंदींचा जपून ठेवलेला साठा उघडतो आणि त्या काळात जे होतं तेवढंच पाहतो. आजच्या साधनाने कालच्या यंत्रासाठी लिहायचं, तर कालचा संग्रह जसाच्या तसा लक्षात ठेवावा लागतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या व्यवस्था शेवटी याच जागी पोहोचल्या.

कंपायलरचं काम झालं तरी ती ओळ संपत नाही. ती तयार प्रोग्रामच्या अंगावर कोरली जाते. जुन्या घराण्यातला प्रोग्राम उघडून पाहिला तर आत स्पष्ट नोंद सापडते, की हा डॉटनेट फ्रेमवर्कच्या अमुक आवृत्तीसाठी बनवला आहे. यंत्रावर ४.८ असलं आणि प्रोग्रामवर ४.५ कोरलेलं असलं, तर ४.८ त्याला काही बाबतींत ४.५ सारखं वागून दाखवतं. कारण सरळ आहे. जुन्या वागणुकीवर विसंबून लिहिलेले असंख्य प्रोग्राम नव्या आवृत्तीने मोडू नयेत.

या मायेची एक बाजू जाचकही ठरली. आपली मुलगी पावतीसोबत ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देते असं धरू. पैशाच्या सर्व्हरशी बोलताना दोन्ही बाजू टीएलएस नावाच्या सुरक्षित पद्धतीची एक आवृत्ती ठरवतात. ४.६ च्या आधीच्या आवृत्तीसाठी बनवलेला प्रोग्राम, वेगळं काही सांगितलं नसेल, तर टीएलएस १.० किंवा त्याहून जुनी पद्धत वापरायचा. ४.६ साठी बनवलेल्यात १.२ आली. ४.७ आणि पुढे हा निर्णय विंडोजवरच सोपवला गेला. कार्डांच्या व्यवहारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी जुनी पद्धत सोडण्यासाठी ३० जून २०१८ ही मुदत दिली होती. अशा वेळी यंत्रावर नवं फ्रेमवर्क बसवलेलं असूनही जुना शिक्का असलेला प्रोग्राम जुन्याच पद्धतीने दार ठोठावतो आणि दार उघडत नाही. तोच प्रोग्राम, एकही ओळ न बदलता, टार्गेट ४.७.२ करून पुन्हा बनवला की पैसे जमा होतात. संकेतस्थळांच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. कॉन्फिग फाइलीत टार्गेटची आवृत्ती दोन ठिकाणी लिहिता येते, एक कंपायलरसाठी आणि एक चालू असतानाच्या वागणुकीसाठी. लोक पहिली बदलतात, दुसरी राहून जाते आणि जुनं वागणं तसंच चालू राहतं. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी ‘एचटीटीपी-रनटाइम’ ची ओळ उघडून पाहावी.

आता मराठीकडे येऊ, कारण या ओळीचा मराठीशी जो संबंध आहे तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या नजरेसही पडत नाही.

मराठी आकडे कोणते, बारा महिने कोणते, नावांचा क्रम कसा, ही माहिती कुणा एका कंपनीची नाही. युनिकोड संस्थेच्या छत्राखाली सीएलडीआर नावाचा एक जागतिक साठा आहे. प्रत्येक भाषेचे जाणकार त्यात नोंदी सुचवतात, त्यांवर मतं पडतात आणि ठरलेलं सगळ्यांसाठी खुलं होतं. या साठ्यात हिंदीचे नेहमीचे अंक इंग्रजी वळणाचे धरले आहेत आणि मराठीचे देवनागरी. लिपी एक, निर्णय दोन. आपल्याकडे एसटीच्या पाट्यांवर, सातबारावर, शाळेच्या वहीत देवनागरी अंक रोज दिसतात, तेव्हा हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. सुरुवातीच्या चार तऱ्हांचं मूळ इथेच आहे. नोडच्या १२ व्या आवृत्तीत या साठ्यातलं फक्त इंग्रजी भरलेलं असे, १३ पासून सगळ्या भाषा भरल्या. जावाने ९ मध्ये आपला जुना साठा बाजूला ठेवून सीएलडीआर स्वीकारला, पण त्याचं आकडे लिहिणारं जुनं यंत्र दोन-दोन अंकांचे गट पाडू शकत नाही, म्हणून लाख हरवला. डॉटनेटला मराठी अंक ठाऊक आहेत, यादीत ते दहाही दिसतात, पण लिहिताना ते आपणहून वापरत नाही. वापरायचे तर प्रोग्रामरने स्वतः बदलून घ्यायचे.

डॉटनेटमध्येही हा साठा एकच राहिला नाही. डॉटनेट ५ च्या आधी विंडोजवर विंडोजचा स्वतःचा साठा वापरला जायचा. ५ पासून विंडोजवरही आयसीयू नावाची मुक्त लायब्ररी आली आणि तिच्यासोबत सीएलडीआर. टार्गेट ‘नेटकोअरॲप३.१’ वरून ‘नेट५.०’ केलं, एवढ्याने नावांचा क्रम, शोध आणि तारखांची रूपं यांचा पाया बदलला. याचा धक्का मराठीपुरता राहिला नाही. इंग्रजी मजकुरात ओळ कुठे संपते हे शोधणाऱ्या प्रोग्रामांनाही ‘सापडलं नाही’ असं उत्तर मिळू लागलं, कारण नवी लायब्ररी विंडोजच्या ओळबदलाच्या दोन खुणांना एकच अविभाज्य जोडी मानते. जुनं वागणं हवं असेल तर तसं सांगणारी सेटिंग आहे. तीही प्रोजेक्टच्याच मांडणीत लिहायची.

आणि मग ती सेटिंग, जिने मराठी पूर्ण गायब होते. तिचं नाव ‘इन्व्हेरियंट ग्लोबलायझेशन’. ती चालू केली की प्रोग्राम कोणत्याही भाषेचा साठा सोबत घेत नाही. फायदा असा की तो हलका होतो, म्हणून सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांसाठी ती वापरतात. अल्पाइन नावाच्या अगदी लहान लिनक्सवर बांधलेल्या डॉटनेटच्या तयार पेट्यांत, म्हणजे कंटेनरांत, ती आधीच चालू असते आणि भाषांची लायब्ररी आत नसतेच. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ हे क्लाउड केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. चांदीपच्या मुलीने आपला प्रोग्राम अल्पाइनच्या पेटीत घालून तिथे चालवला, तर पुण्यात उभ्या असलेल्या यंत्रावर तिच्या प्रोग्रामला मराठी कळणार नाही. डॉटनेट ५ असेल तर तो गप्प राहून महिना इंग्रजीत छापेल. टार्गेट ६ वर नेलं तर तो थेट थांबेल आणि सांगेल, ही भाषा मला माहीत नाही. हा बदल मला मोलाचा वाटतो. चुकीचा महिना छापलेली पावती गिऱ्हाइकाच्या हाती जाण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला बरा. उपायही अवघड नाही. पेटीत आयसीयूचं पॅकेज घालायचं आणि सेटिंग बंद करायची.

या सेटिंगमध्ये नावांचा क्रम काय होतो, हे पाहण्यासारखं आहे. मराठी शब्दकोशात ळ हे अक्षर ह नंतर येतं. तेव्हा मावळे, माहीमकर, माळी असा क्रम लागायला हवा. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ ची जागा ल आणि व यांच्या मधे आहे. भाषेचा साठा नसला की संगणक अक्षरांच्या क्रमांकांवरच चालतो आणि माळी पहिल्या नंबरावर जातात, त्यांच्यामागून मावळे आणि माहीमकर. हजार गिऱ्हाइकांच्या यादीत माळींना शोधणारा माणूस पुढची पानं चाळत बसतो.

एका अक्षराची कथा तर मला फार भावते. ॲप, ॲडव्होकेट, ॲल्युमिनियम यांतला ॲ. मराठीत तो कधीपासूनच लिहिला जातो, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. एप्रिल २०१० मध्ये आलेलं डॉटनेट फ्रेमवर्क ४ युनिकोड ५.० वर उभं होतं. त्याच्या लेखी ॲ हे अक्षरच नव्हतं, ती रिकामी जागा होती. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं चालतील असा नियम लावलेला फॉर्म अशा वेळी एखाद्या ॲडव्होकेटांना त्यांच्या नावासमोरची पदवी लिहू देणार नाही. पुढच्या आवृत्त्यांत अक्षरांची माहिती नव्या युनिकोडवर गेली आणि ॲ अक्षर ठरला. युनिकोडमध्ये जागा मिळण्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देऊन तो उमटवत. पडद्यावर दोन्ही जुळ्यांसारखे दिसतात, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही. जुन्या यादीतलं नाव नव्या कीबोर्डवरून शोधलं की सापडत नाही, ते यामुळेही.

रुपयाच्या चिन्हाचाही प्रवास याच सुमारास झाला. पवईच्या आयआयटी मुंबईत डिझाइनचा अभ्यास केलेल्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये त्याला जागा मिळाली. तोवरच्या विंडोजमध्ये मराठी पद्धतीने रक्कम लिहिली की पुढे ‘रु’ यायचं. पवईत रेखाटलेली ती रेघ चांदीपच्या पावतीवर उमटण्यासाठी फाँट, विंडोज आणि फ्रेमवर्क या तिघांच्या आवृत्त्या पुढे सरकाव्या लागल्या.

मराठी अंक नेहमीच सोयीचे ठरतात असं मात्र नाही. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी ठेवली आणि ॲपमध्ये आकड्याचा मजकूर करताना भाषा स्पष्ट सांगितली नाही, तर आकडा देवनागरीत उमटतो. पडद्यावर ते छान दिसतं. पण तोच मजकूर सर्व्हरला पाठवला, किंवा डेटाबेसच्या हुकुमात घातला, तर समोरच्याला १२ म्हणजे बारा हे कळेलच असं नाही आणि ॲप कोसळू शकतं. इंग्रजी फोनवर तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. अरबी, नेपाळी, बंगाली वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते. म्हणून अँड्रॉइडची साधनं अशा ओळीवर पिवळा इशारा देतात: भाषा सांगा. माणसासाठी लिहायचं ते मराठीत आणि यंत्रासाठी लिहायचं ते तटस्थ रूपात, एवढं पथ्य पाळलं की फोन खुशाल मराठीत ठेवावा.

अँड्रॉइडमध्ये आवृत्तीच्या अशा ओळी एक नसून तीन आहेत. ज्यावर तपासायचं ती आवृत्ती, ज्याच्या वागणुकीसाठी ॲप लिहिलं ती, आणि किमान ज्या जुन्या फोनवर ते चालायला हवं ती. डॉटनेटमध्ये एका टार्गेटमध्ये जे मिसळलेलं आहे ते इथे सुटं करून ठेवलं आहे, आणि शिकवणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

आता त्या मुलीने टार्गेटच्या ओळीत काय लिहावं? गिरणीच्या कचेरीत जुना संगणक असेल, त्यावर विंडोज ७ असेल. डॉटनेट ८ तिथे चालत नाही. ४.८ चालतं. रस्त्यापलीकडच्या भट्टीवाल्याकडे नवा लॅपटॉप. दोघांसाठी दोन प्रोग्राम लिहायची गरज नाही. प्रोजेक्ट फाइलीत टार्गेटचं नाव अनेकवचनी करायचं आणि अर्धविराम देऊन दोन खुणा लिहायच्या, ‘नेट४८;नेट८.०’. साधन तोच मजकूर दोनदा वाचतं, दोन वेगवेगळ्या पोकळ प्रतींसमोर धरतं आणि दोन फोल्डरांत दोन फळं ठेवतं. एखादी सोय नव्यातच असेल तर ‘डॉटनेट ८ किंवा पुढे’ अशी अट घालून तेवढा तुकडा वेगळा लिहिता येतो. बाहेरची तयार पॅकेजंही हेच करतात. एका पॅकेजच्या पोटात अनेक टार्गेटांची फळं असतात, आणि प्रोजेक्टच्या खुणेला सर्वांत जवळचं कोणतं ते साधन निवडतं. दोन्ही घराण्यांत चालणारं काही हवं असेल तर ऑगस्ट २०१७ मध्ये आलेलं डॉटनेट स्टँडर्ड २.० आहे. तो संग्रह नाही, फक्त करार आहे. ३२,००० हून अधिक हाकांची यादी, जी दोन्हीकडे मान्य आहे.

नवा लॅपटॉप तिला आणखी एक गोष्ट शिकवेल. ८ साठी बनवलेला प्रोग्राम फक्त ९ असलेल्या यंत्रावर आपणहून चालत नाही. मोठी आवृत्ती बदलली तर वागणूक बदलू शकते, म्हणून तो थांबतो आणि हवी ती आवृत्ती बसवायला सांगतो. परवानगी द्यायची असेल तर तीही प्रोजेक्टमध्ये लिहून द्यावी लागते. डॉटनेट ८ चा आधार १० नोव्हेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा ही ओळ बदलण्याची वेळ लवकरच येणार आहे. त्या दिवशी बारा लाखांची ती रक्कम, माळी-मावळे-माहीमकर ही यादी आणि ॲ असलेलं एक नाव छापून पाहायला हवं, आधी जुन्या टार्गेटवर आणि मग नव्यावर.

आणखी एक शब्द घ्यावा, लक्ष्मी. संगणकाच्या पोटात तो सात खुणांचा आहे: ल, क, हलंत, ष, पुन्हा हलंत, म आणि दीर्घ वेलांटी. वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं मोजायचा युनिकोडचा जुना नियम चार सांगायचा: ल, क्, ष्, मी. पहिलीतलं मूल दोन सांगतं: ल आणि क्ष्मी. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम सुधारला गेला आणि आता उत्तर दोन येतं. प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी हा नियम आपापल्या आवृत्तीत, आपापल्या वेळी उचलते आहे. पावतीवर नावासाठी वीस अक्षरांची जागा ठेवली असेल, तर तिच्यात किती नाव मावेल हे त्या आवृत्तीवरच ठरतं.